पंचविशी उलटल्यावर बोटीवर जायचंय? मग पैसे शेवटी काढा

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर होतो. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला निघालो होतो. शेजारी मोटरसायकल टेकवून उभा असलेला वाडीतलाच एक जण जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "दादा, माजा वय झाला बत्तीस. आता जमंल काय बोटीवर?" फेरीबोट खाडी ओलांडते तेवढ्या वेळात देण्यासारखं याचं उत्तर नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, मग लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला आठ वर्षं. तेहतिसाव्या वर्षी पहिली बोट. मधे एकदा फसलो, ते पुढे येईलच. आमच्या भागात बोटीवर जाणं नवीन नाही. आगबोटींच्या काळापासून रत्नागिरी-रायगडातल्या गावांतून खलाशी गेलेत. सारंग, टिंडेल, सुकाणी, भंडारी, तेलवाला हे हुद्दे इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. पण ते सगळे मिसरूड फुटायच्या वयात गेले. तिशीत जाणाऱ्याचा रस्ता वेगळा आहे आणि तो कुणी नीट सांगत नाही, कारण जाहिराती सगळ्या बारावीच्या पोरांसाठी असतात.

आधी वयाचा हिशोब

वयाची अट तीन ठिकाणी वेगवेगळी असते: डी.जी. शिपिंगची (म्हणजे केंद्र सरकारचं जहाजखातं), प्रशिक्षण संस्थेची आणि कंपनीची. लोक पहिली वाचतात आणि तिसरीत अडकतात.

डेक कॅडेट, म्हणजे जहाज चालवणारा शिकाऊ अधिकारी, होण्यासाठीचा डी.एन.एस. कोर्स बारावी सायन्सवाल्यांसाठी आहे आणि त्याची वयोमर्यादा २५. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची आणि मुलींना २ वर्षांची सवलत मिळते. खलाशी म्हणून जायचं तर जी.पी. रेटिंग हा सहा महिन्यांचा निवासी कोर्स, दहावीवर, साडेसतरा ते २५ वयाचा. भंडारीखात्याच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक-वाढपाच्या, सी.सी.एम.सी. कोर्सची अटही त्याच वळणाची. म्हणजे बत्तिशीतल्या माणसासाठी हे तीन दरवाजे बंद. कुणी "वय मॅनेज करतो" म्हणाला तर चहा संपवून उठा. दहावीच्या दाखल्यावरची जन्मतारीख पुढे प्रत्येक कागदावर येते, आणि खोट्या दाखल्यावर मिळालेलं सर्टिफिकेट रद्द होतं तेव्हा माणूस चाळिशीत पोचलेला असतो.

उघडे दरवाजे कोणते?

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी असेल तर जी.एम.ई., म्हणजे पदवीधरांसाठीचा मरीन इंजिनिअरिंग कोर्स. त्याची मर्यादा २८. अठ्ठाविसावं लागलंय आणि बी.ई. मेकॅनिकल घरी बसलंय, असं असेल तर हे वाचणं सोडा आणि आजच चौकशीला लागा.

इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा पदवी असेल तर ई.टी.ओ., इलेक्ट्रो टेक्निकल ऑफिसर. याला ३५ पर्यंत मुभा आहे आणि कोर्स जेमतेम चार महिन्यांचा. बोटीवर याला 'बत्तीसाब' म्हणतात. मी तोच. आपल्याकडे डिप्लोमा करून चिपळूण, लोटे, रोह्याच्या कारखान्यांत राबणारी किती मुलं आहेत, आणि हा रस्ता त्यांतल्या बहुतेकांच्या कानावरही आलेला नसतो.

हातात कला असेल, म्हणजे चांगला वेल्डर-फिटर, तर बोटीवरच्या फिटरच्या जागेसाठी कंपन्या वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष काम करून बघतात. तिथे तुमची दहा वर्षं तुमच्या बाजूने बोलतात. लेथवर बूश काढता येणं आणि गळका पाइप उभ्या-आडव्या कुठल्याही स्थितीत वेल्ड करता येणं, एवढं आलं पाहिजे.

हॉटेलात काम केलेल्यांसाठी क्रूझ जहाजं. स्वयंपाकी, स्टुअर्ड, लाँड्री, हाउसकीपिंग. तिथे वयापेक्षा अनुभव आणि बोलण्याइतपत इंग्रजी बघतात. उलट अनेक कंपन्यांना २१ च्या खालचं माणूसच नको असतं.

आणि एक दरवाजा अगदी अंगणातला, ज्याला मर्चंट नेव्ही म्हणायला लोक लाजतात: खाडी, बंदर आणि किनारा. त्यावर खाली वेगळं लिहितो, कारण माझ्या मते तिशी ओलांडलेल्या मच्छीमारासाठी तोच खरा.

डोळे तपासा, दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी

पैसे खर्च करायचा क्रम असा: जे सगळ्यात स्वस्तात तुम्हाला बाद ठरवू शकतं, ते आधी. आणि सगळ्यात स्वस्तात बाद ठरवतं ते ठिपक्यांचं पुस्तक, इशिहारा टेस्ट. रंगांधळेपणा जन्मजात असतो आणि कित्येकांना तो पंचविशीपर्यंत माहीतही नसतो. डेक, इंजिन, बत्तीसाब, सगळ्यांना रंग ओळखावे लागतात. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी दहा मिनिटांत होते. माझ्या बरोबरचा एक जण कोर्सची फी भरून, लोट्याची नोकरी सोडून मग मेडिकलला गेला. त्याला त्या पुस्तकातला आकडा दिसलाच नाही.

चष्म्याचं म्हणाल तर डेकसाठी नियम कडक आहेत, नजर बिनचष्म्याचीच चांगली लागते. इंजिन आणि इलेक्ट्रिकलला थोडी मोकळीक आहे.

तिशीनंतर दुसरी अडचण रक्तदाब आणि साखर. अधिकृत मेडिकल डी.जी. शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच करावं लागतं, यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. ते प्रमाणपत्र २ वर्षं चालतं आणि मग पुन्हा करावं लागतं. म्हणजे एकदा गोळी घेऊन आकडा खाली आणला म्हणून भागत नाही. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे रक्त, लघवी, बीपी, छातीचा एक्स-रे, कानाची तपासणी करून घ्या. काही निघालं तर सहा महिने त्यावर खर्च करा, मग फी भरा.

नावाची भानगड

यावर जरा जास्त लिहितो, कारण कोकणातली निम्मी माणसं इथे अडतात. शाळेत आडनाव 'कर' लावून, आधारवर गावकीचं आडनाव, पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए', कुठे दोन. कारखान्यात यातलं काही कुणी बघत नाही. बोटीच्या धंद्यात मात्र पासपोर्ट, सी.डी.सी. (खलाशाची सरकारी नोंदवही), प्रत्येक कोर्सचं सर्टिफिकेट आणि व्हिसा यांवर अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, कारण परदेशी बंदरातला अधिकारी तुम्हाला नाही, कागदाला ओळखतो.

दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. दहावीतच चूक असेल तर बोर्डाकडून दुरुस्ती किंवा राजपत्रात नाव बदल, यात महिने जातात. म्हणून ते आज सुरू करा. पासपोर्ट नसेल तर काढा; दहावी पास असल्याचं दाखवलं की ई.सी.आर.चा, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी परवानगी लागण्याचा, शिक्का टळतो. असेल तर तो पुढची दोन-तीन वर्षं पुरेल का, ते बघा.

कोर्स आणि कागद, त्याच क्रमाने

संस्था डी.जी. शिपिंगच्या मान्य यादीत आहे का, हे स्वतः त्यांच्या साइटवर बघायचं. संस्थेने भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर विसंबायचं नाही. मान्यता संस्थेला नुसती असून भागत नाही, तुम्ही घेताय त्या कोर्सला लागते. ई.टी.ओ.ची मान्यता एकीकडे नसेल, पण पी.एस.टी.ची (समुद्रात जीव वाचवण्याच्या कोर्सची) असेल, असं होतं.

ई.टी.ओ., जी.एम.ई. यांत एक गोष्ट फी भरण्याआधी विचारा: स्पॉन्सरशिप आहे का? म्हणजे एखाद्या कंपनीने आधी निवड करून पत्र दिलंय का? ते नसेल तर कोर्सनंतर ट्रेनी म्हणून पहिली बोट मिळेपर्यंत वर्ष-दीड वर्ष रिकामं जाऊ शकतं. कंपन्या डी.जी.च्या ३५ पेक्षा बरंच कमी वय मागतात. मी ज्या मुलाखतींना गेलो त्यांतल्या निम्म्या ठिकाणी वय ऐकूनच हसून पाणी दिलं. शेवटी ज्यांनी घेतलं त्यांनी विचारलं एवढंच, "एचटी पॅनलवर काम केलंय का?" म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या पॅनलवर. केलं होतं. उशिरा येणाऱ्याने अर्जात वय झाकण्यात वेळ घालवू नये, काय हाताळलंय ते यंत्रांची नावं आणि आकड्यांसकट मांडावं: किती केव्हीएचा जनरेटर, कोणता पीएलसी, किती व्होल्टचा स्विचगिअर.

कोणत्याही रस्त्याने गेलात तरी एस.टी.सी.डब्ल्यू.चे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, पायाभूत कोर्स सगळ्यांना लागतात: जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि सामाजिक जबाबदारी, वर जहाजाच्या सुरक्षेचा एक. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला यातली लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी म्हणजे खेळ वाटतो. धुराच्या खोलीत श्वासाचं यंत्र लावून शिरताना मात्र छाती धडधडते. जीव वाचवण्याचा आणि आगीचा, हे दोन दर ५ वर्षांनी नवे करावे लागतात.

'इंडोस' नंबरही लागतो. हा खलाशांच्या सरकारी नोंदीतला तुमचा आयुष्यभराचा क्रमांक. त्यानंतर सी.डी.सी., ज्याला जुने खलाशी 'नल्ली' म्हणत; तेव्हा तो कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून नेत. आता ती पासपोर्टसारखी वही आहे, १० वर्षं चालते, आणि तुमच्या प्रत्येक बोटीचा चढल्या-उतरल्याचा दिवस तिच्यात लागतो. तिच्यासोबत बायोमेट्रिक ओळखपत्र काढून घ्या. अर्ज सगळे ऑनलाइन. तरी एखादवेळी मुंबईला जावंच लागतं: तुतारीने दादर गाठा, तिथून लोकलने कांजूरमार्ग. डी.जी.चं कार्यालय तिथे आहे. शिपिंग मास्तरांचं बॅलार्ड इस्टेटला. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. ती आता आयुष्यभर चालते.

दलाल

मी एकोणतीस वर्षांचा असताना बेलापूरच्या एका लॉजवर चाळीस दिवस काढले. "डायरेक्ट टँकर, दुबई जॉइनिंग, कोर्सची गरज नाही." एक लाख ऐंशी हजार दिले होते, त्यात आईच्या पाटल्या. पहिल्या आठवड्यात फोन उचलत होता. दुसऱ्या आठवड्यात "साहेब मीटिंगमध्ये". चाळिसाव्या दिवशी ऑफिसला कुलूप होतं आणि बाहेर माझ्यासारखेच आणखी सात जण, दोन आपल्या रत्नागिरीकडचे.

तेव्हा माहीत असतं तर वाचलो असतो, अशा गोष्टी:

भारतात बोटीवर माणूस पाठवायला आर.पी.एस.एल. हा परवाना लागतो. त्यासाठीचे नियम २०१६ चे आहेत, यादी डी.जी.च्या साइटवर आहे, आणि तिथे कंपनीचं नाव, नंबर आणि परवान्याची मुदत तिन्ही दिसतात. परवानाधारक कंपनी नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेऊ शकत नाही. 'सर्व्हिस चार्ज', 'डिपॉझिट', 'तिकिटाचे', नाव काहीही असो. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार तुमच्या खिशातून जायचं ते पासपोर्ट, सी.डी.सी. आणि मेडिकल. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा.

बोटीचं नाव विचारा. नावासोबत सात आकडी आय.एम.ओ. नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, मागा. नाव रंग मारून बदलता येतं, नंबर बदलत नाही. 'इक्वासिस' या साइटवर फुकट खातं उघडून तो नंबर टाकलात की जहाज कधी बांधलं, मालक कोण, कुठल्या बंदरात किती वेळा अडवलं, सगळं दिसतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की समजा.

टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर चढायचं नाही. आखाती देशांत, इराणच्या बाजूला छोट्या बोटींवर पगाराविना महिनोन् महिने अडकलेल्या पोरांच्या बातम्या येतात, त्यांतले बरेच असेच गेलेले असतात. रीतसर बोटीवर मालकाने सोडून दिलं तर घरी परतणं आणि ४ महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळतो. त्याचा कागद जहाजावर लावलेला असावा लागतो. चढल्यावर पहिल्या दिवशी तो शोधा.

करारनामा चढण्याआधी हातात हवा. पगार किती, त्यातला मूळ किती, ओव्हरटाइम ठरलेला की तासावर, महिने किती. दोन दिवस मागून तो जाणत्या माणसाला दाखवा. गावात एखादा निवृत्त सारंग असतोच.

अंगणातला दरवाजा

आता त्या फेरीबोटीबद्दल. तिच्या केबिनमध्ये जो उभा असतो त्याच्याकडे प्रमाणपत्र असतं. अंतर्गत जलवाहतुकीच्या बोटींवर सारंग, द्वितीय श्रेणी मास्टर, प्रथम श्रेणी मास्टर आणि यंत्राच्या बाजूला इंजिन ड्रायव्हर, अशा पायऱ्या आहेत. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड बघतं. बोर्डाचे बंदर गट पाच: वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला. आपल्या गटाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा, आणि तुमची तांडेल किंवा खलाशी म्हणून गेलेली वर्षं कोणत्या परीक्षेसाठी, कोणत्या कागदावर धरतील ते लेखी विचारून घ्या. बोटीचं नोंदणीपत्र आणि मालकाचा दाखला जपून ठेवा. "आमी लहानपणापासून समुद्रात" याला कार्यालयात किंमत नाही, तारखा घातलेल्या कागदाला आहे.

या कामाला २५ ची अट आडवी येत नाही. आणि काम आहे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (गाड्या नेणारी बोट) २०२० पासून चालू आहे. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा या फेऱ्या आहेत. जयगड, दिघी, धरमतर, जेएनपीए इथे टग, पायलट बोट, बार्ज लागतात. पालघरात वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. तिथल्या मच्छीमारांचा विरोध कशासाठी आहे, हे मी जाणतो आणि त्यावर इथे चार ओळींत बोलणार नाही.

मासेमारीवाल्यांनी कोर्स १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत उरकावेत. होडी तशीही शाकारलेली असते.

मुंबई हायच्या तेलविहिरींच्या बाजूला जाणाऱ्यांनी एक प्रश्न नक्की विचारावा: मी जहाजाच्या क्रूमध्ये धरला जाणार की ठेकेदाराचा मजूर म्हणून बार्जवर? १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा राहण्याचा बार्ज बुडाला आणि ७० हून जास्त माणसं गेली. त्यांत वेल्डर, फिटर, रंगारी असे कितीतरी होते. पगार दोन्हीकडे सारखा दिसतो. विमा, करार आणि प्रशिक्षण सारखं नसतं.

घरचा हिशोब

बोटीवर असताना पगार, घरी असताना शून्य. खालच्या हुद्द्यांना सहसा सहा ते नऊ महिन्यांचा करार असतो, मग दोन-चार महिने सुट्टी, ती बिनपगारी. नोकरी सोडल्यापासून पहिला पगार हातात येईपर्यंत माझे सतरा महिने गेले. त्या काळात घर आंब्याच्या पैशावर आणि बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर चाललं. म्हणून वर्षाचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. कर्ज काढायचं तर हप्ता सुट्टीच्या महिन्यांतही झेपेल असाच.

पगाराचा किती भाग थेट घरी जाणार ते करारातच ठरवता येतं. परदेशी बोटीवर असाल आणि आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर अनिवासी ठरता, पगार एन.आर.ई. (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात घेतात. दिवस सी.डी.सी.वरच्या शिक्क्यांवरून मोजतात, अंदाजाने नाही. १८० आणि १८३ यांत फार फरक पडतो, तेव्हा मार्चमध्ये घाईने उतरण्याआधी बोटं मोजा.

गणपती चुकणार. शिमगाही. हे बायकोशी, आईशी आधी बोला, मुलांशीही.

चढल्यावर

मी तेहतीस वर्षांचा ट्रेनी, आणि मला काम सांगणारा तीन साब, म्हणजे थर्ड इंजिनिअर, सव्वीसचा. पहिले पंधरा दिवस हे गिळायला जड गेलं. कारखान्यात माझ्या हाताखाली चार माणसं होती, इथे मी रीफर (थंड मालाच्या) कंटेनरचे प्लग मोजत डेकवर फिरत होतो. तोंड बंद ठेवलं, वही उघडी ठेवली. दोन महिन्यांनी भर रात्री मुख्य जनरेटरचा ब्रेकर बसेना, तेव्हा कारखान्यातला अनुभव कामी आला, आणि त्यानंतर तोच तीन साब मला "भाऊ" म्हणू लागला. ई.टी.ओ.च्या सर्टिफिकेटसाठी वर्कशॉप आणि समुद्र मिळून १२ महिने लागतात, त्यांतले निदान ६ पाण्यावरचे. ते भरेपर्यंत मान खाली.

विश्रांती हा हक्क आहे: २४ तासांत १०, आठवड्यात ७७ तास. कागदावर भरलेले तास आणि झोपलेले तास जुळत नसतील तर आपल्या वहीत खरे तास लिहून ठेवा. तिशीनंतर झोपेचं खोबरं झालं की दुसऱ्या दिवशी हात चुकतो, आणि ४४० व्होल्टला वय दिसत नाही.

बॅगेत काय न्यायचं, हेही विचारतात. चाळिशी जवळ आली असेल तर वाचायचे दोन चष्मे, एक फुटतोच. रोजच्या गोळ्या असतील तर पूर्ण कराराला पुरतील एवढ्या, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. जाड मोजे. मेतकूट आणि लसणीची चटणी घट्ट डब्यात. ऑस्ट्रेलियाला बोट लागणार असेल तर आमसुलं, सुके बांगडे आणि घरचे मसाले आईने कितीही कोंबले तरी बंदर येण्याआधी संपवा किंवा यादीत दाखवा. तिथले क्वारंटाइनवाले केबिनचं कपाटसुद्धा उघडून बघतात. माझे सोडे त्यांनी पिवळ्या पिशवीत भरून माझ्यासमोर नेले.